दोन खांबांमधली जागा : मुंबईतले चार दिवस

अमूर्त चित्रं बघायची तर काळा घोड्याची कलादालनं आणि लेणी बघायची तर घारापुरीचं बेट, अशी मुंबईत सरळ वाटणी आहे. पहिल्या वाटेने जाणारा सहसा दुसऱ्या वाटेला जात नाही. या फेरीत दोन्ही एकामागोमाग ठेवली होती. दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या दगडातून आजचा चित्रकार नेमकं काय उचलतो, हे कॅनव्हास आणि कातळ दोन्ही ताजे डोळ्यांसमोर असतानाच कळतं.

सप्टेंबरचा शेवटचा आठवडा, चौघंजण, मंगळवार ते शुक्रवार. वार ठरवताना एवढं लक्षात ठेवायचं की घारापुरी, कान्हेरी आणि राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालय सोमवारी बंद असतात आणि भायखळ्याची राणीबाग बुधवारी.

सामान जितकं कमी तितकं बरं. ए-५ आकाराची जाड कागदाची वही, २बी आणि ६बी पेन्सिली, कोळशाची एक कांडी, जलरंगाच्या सहा वड्या, पाण्याची लहान बाटली आणि पांढऱ्यापासून काळ्यापर्यंत राखाडीच्या नऊ पायऱ्या रंगवलेली पुठ्ठ्याची पट्टी. ही पट्टी घरीच करून आणावी. ती कशासाठी, ते घारापुरीत येईलच.

मंगळवार : काळा घोडा

सुरुवात छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयापासून. दार सव्वादहाला उघडतं, शाळांच्या सहली अकराच्या पुढे येतात. मधला पाऊण तास सोन्यासारखा, तो शिल्पांच्या दालनातच घालवावा.

परळचा शिव आधी गाठावा. मूळ शिल्प १९३१ मध्ये परळला रस्त्याच्या कामात सापडलं आणि ते तिथल्या बारादेवीच्या देवळात आहे. संग्रहालयात त्याची प्रतिकृती बघायला मिळते. एका उभ्या अक्षावर एकातून एक उगवणाऱ्या तीन आकृती, दोन्ही अंगांना दोन-दोन, अशा एकूण सात. देव कोण, हातात काय, हे दहा मिनिटं विसरायचं. डोळे किलकिले केले की तपशील गळून पडतो आणि मधला दांडा व त्यातून बाजूंना फुटणारा जोर तेवढा उरतो. वहीत आधी फक्त तो दांडा आणि बाहेर जाणाऱ्या दिशा काढाव्यात. नाकडोळे काढायला बसलेला माणूस इथेच चुकतो, कारण नंतर स्टुडिओत त्याच्या हाताशी फक्त मूर्तीची नक्कल उरते.

याच इमारतीत जहांगीर निकल्सन यांच्या आधुनिक चित्रसंग्रहाचं दालन आहे. संग्रहात आठशेच्या आसपास कलाकृती आहेत, त्या आलटून पालटून मांडतात. त्यामुळे अमुक चित्र बघायलाच मिळेल असं धरून जाऊ नये, मिळेल ते निवांत बघावं. शिल्पांतून निघून तीन-चार मिनिटांत आधुनिक कॅनव्हाससमोर उभं राहता येतं, ही सोय मोठी आहे.

चित्रकार वासुदेव गायतोंडे (१९२४–२००१) यांचं काम कुठेही दिसलं तर समोरून न बघता आधी बाजूने, कॅनव्हासच्या कडेला डोळा लावून बघावं. रंग चढवलेला आहे तसा काढलेलाही आहे, हे तिथून दिसतं. रोलरने थर द्यायचा, ओला असताना पॅलेट नाइफने खरवडायचा, कागद दाबून उचलायचा, मग पातळ पारदर्शक थर पुन्हा वरून. चित्रातला उजेड वरून पडलेला वाटत नाही, खालच्या थरातून वर येतो. गायतोंडे स्वतःच्या कामाला अमूर्त म्हणण्याऐवजी ‘नॉन-ऑब्जेक्टिव्ह’, म्हणजे कुठलीही वस्तू न दाखवणारं, म्हणत. त्यांनी लेण्यांतून प्रेरणा घेतली असं म्हणणं म्हणजे त्यांच्या तोंडी आपला घास घालणं. पण वजा करत करत पृष्ठभाग घडवायची रीत दुसऱ्या दिवशी कातळात बघताना हीच कड डोळ्यांपुढे येते.

सय्यद हैदर रझा (१९२२–२०१६) यांचा बिंदू आणि प्रभाकर बरवे (१९३६–१९९५) यांची तंत्रपंथातल्या आकृत्यांपासून सुरू झालेली वाट ही परंपरेशी उघड नातं सांगणारी उदाहरणं. बरवे १९६१ नंतर काही वर्षं बनारसच्या विणकर सेवा केंद्रात होते, तंत्रपंथातल्या चिन्हांशी त्यांची गाठ तिथे पडली. पुढे त्यांनी ती चिन्हं जवळपास सोडलीच आणि वस्तू व तिच्याभोवतीचा अवकाश एवढंच ठेवलं. चिन्ह घेणं सोपं असतं, ते वेळेवर सोडून देणं अवघड.

याचा उलटा नमुना बघायला लांब जायला नको. काळा घोड्याच्या फुटपाथवर टेक्स्चर पेस्टचा जाड थर, वर सोनेरी ॐ किंवा बुद्धाचा अर्धा चेहरा आणि बाकी गेरूसारखा लाल, असे कॅनव्हास डझनाने टेकवून ठेवलेले असतात. विकणारे आजोबा खुशाल सांगतात, “हॉटेलवाले घेतात, लॉबीत लावायला. अमूर्त पाहिजे म्हणतात, पण काहीतरी ओळखू आलं पाहिजे!” धंद्याच्या नजरेने एवढी अचूक समीक्षा आतल्या गॅलरीतही ऐकायला मिळाली नाही.

जहांगीर कलादालन १९५२ पासून उभं आहे. तिथलं समोवार हे उपाहारगृह २०१५ मध्ये बंद झालं, तेव्हापासून चित्रकारांची चहाची टोळी विखुरली. जेवायला फोर्टात उडप्याकडे. बोरीबंदरपर्यंत पाय चालत असतील तर पंचमकडे पुरीभाजी, ताटाबरोबर मठ्ठा मागवावाच.

दुपारी आधुनिक कला संग्रहालय. सर कावसजी जहांगीर हॉल १९११ चा, संग्रहालय म्हणून १९९६ मध्ये खुला झाला. आत अर्धगोल मजले जिन्याने जोडलेले आहेत. दारावरच्या रखवालदारांनी बघताच सल्ला दिला, “आधी वर घुमटात जा, मग उतरत या. खालून सुरू केलं की लोक वरपर्यंत पोचतच नाहीत.” आयुष्यभर जिने चढणारांची दमछाक बघितलेल्या माणसाचा सल्ला, मानावा.

बुधवार : घारापुरी

गेटवेवरून पहिली लाँच नऊच्या सुमारास. तिकीट जाता-येताचं एकच, ते परतेपर्यंत सांभाळायचं. तासाभराचा प्रवास. आदल्या रात्री पाऊस पडून गेला होता, पाणी मातकट आणि हवा उकडलेल्या भातासारखी. खलाशी प्रत्येकाच्या अंगात जॅकेट चढवून घेत होता. एकाने ‘गरम होतंय’ म्हणून कुरकुर केली, त्याला उत्तर मिळालं, “दादा, पाणी गार आहे, बघायचं का?” जॅकेट मुकाट्याने चढलं.

धक्क्यापासून पायथ्यापर्यंत छोटी गाडी आहे, पण ओहोटी असेल तर चालतच जावं. दोन्ही बाजूंना चिखलात उमटलेल्या पाण्याच्या वाटा दिसतात. पुढे शंभरावर पायऱ्या आणि दोन्हीकडे दुकानं. माकडं हातातली पिशवी ओढतात, खाण्याचं आणि रंगाचं सामान पाठीवरच्या बंद पिशवीत हवं.

मुख्य लेणं सहाव्या शतकाच्या मध्याचं मानलं जातं, जागतिक वारसा यादीत १९८७ पासून. आत शिरल्यावर पाच मिनिटं काहीही काढू नये, मोबाइलही बाहेर काढू नये. डोळ्यांना अंधार पचायला तेवढा वेळ लागतोच. लेणं तीन बाजूंनी उघडं आहे, म्हणून प्रत्येक खांबाला वेगवेगळ्या अंगांनी उजेड लागतो आणि खांबाची एक कड उजळ, दुसरी बुडालेली, तिसरी मधलीच. खांबाच्या डोक्यावरची उशीसारखी दाबलेली पन्हाळीदार बैठक वजन पेलते आहे असं वाटतं. खरं तर खांबांवर काही आणून ठेवलेलंच नाही, सगळा एकच कातळ आहे. छत, खांब, जमीन या क्रमाने वरून खाली दगड काढत आणलेला आहे. बांधकामाची सगळी भाषा इथे नुसता भास, आणि अमूर्त चित्रकाराला यापेक्षा चांगला धडा सापडणार नाही.

करायचा सराव असा. खांब काढायचे नाहीत. दोन खांबांमधली पोकळी एक बंद आकार धरून काढायची, कोळशाने सपाट भरायची. मग तिच्या मागच्या पोकळीचा आकार, मग तिच्याही मागचा. तीन थर पुरे. पेन्सिल हात ताठ करून डोळ्यांसमोर धरायची आणि पोकळीची रुंदी खांबाच्या जाडीच्या किती पट आहे ते मोजून कडेला लिहायचं. अंदाजाने काढलं तर हात आपोआप सगळी अंतरं सारखी करतो आणि चित्र जाळीसारखं मरगळतं.

राखाडीची पट्टी इथे उपयोगी पडते. ती हातभर अंतरावर धरून प्रत्येक पोकळीला एक ते नऊ असा अंक द्यायचा. मोबाइलच्या फोटोवर विसंबू नये. कॅमेरा अंधार दिसला की तो स्वतःहून उजळवतो, आणि घरी बघावं तर आठ नंबरचा काळोख पाचवर आलेला. फोटो काढायचाच तर उजळ कडेवर बोट ठेवून एक्स्पोजर खाली ओढावं. फ्लॅश मारू नये, आणि कातळावर कागद ठेवून कोळशाने ठसा घ्यायचा मोह तर मुळीच नको. संरक्षित वास्तूला हात लावायचा नसतो आणि ठशाने दगडाचे कण सुटतात.

रंगाची नोंद शब्दांत करावी. हा बेसॉल्ट काळा नाही. कोरडा असतो तेव्हा तपकिरी झाक असलेला राखाडी, जिथे लोहाला गंज चढलाय तिथे विटकरी, आणि पाणी झिरपतं तिथे जवळजवळ काळा पण हिरवट. ट्यूबमधला काळा वापरला की हे सगळं एकाच दमात मरतं. बर्न्ट अंबर (गडद तपकिरी) आणि अल्ट्रामरीन (निळा) समसमान घेऊन सुरुवात करावी. उबदार बाजूला अंबर वाढवायचं, सावलीकडे अल्ट्रामरीन, ओल्या जागी त्यात चिमूटभर व्हिरिडियन (हिरवा).

सदाशिवाच्या तीन मुखांसमोर गर्दी कायम. उंची सुमारे साडेपाच मीटर, आणि मधलं मुख समोरच्या खांबांच्या रांगेतून लांबून आधी निव्वळ उजळ ठिपका म्हणून दिसतं. जवळ जाऊ तसा तो चेहरा होतो. म्हणून इथे चालतच बघावं, दर दहा पावलांवर थांबून एक छोटी नोंद. सात-आठ नोंदींची मालिका झाली की आकार ओळखीचा कधी झाला ते पान उलटताना नेमकं सापडतं. आपलं चित्र त्याच्या एक पान अलीकडे थांबवावं.

इथेच चित्रकार अकबर पदमसी (१९२८–२०२०) यांची आठवण निघाली. त्यांची ‘मेटास्केप’ मालिका कालिदासाच्या शाकुंतलातल्या नांदीवरून सुचली. त्या श्लोकात शिवाची आठ रूपं सांगितली आहेत : पाणी, अग्नी, यजमान, सूर्य, चंद्र, आकाश, पृथ्वी, वायू. पदमसींनी शिव रंगवला नाही. सूर्य आणि चंद्र एकाच आभाळात ठेवले, खाली डोंगर-पाण्याचे सुरीने ओढलेले पट्टे. श्लोकातली मूर्ती गाळून तिची रचना तेवढी घेतली. कुठल्याही जुन्या गोष्टीला हाच प्रश्न विचारावा : मूर्ती काढून घेतली तर मागे काय उरतं? काही उरत नसेल तर तो विषय चित्राचा नाही.

मागे उभा असलेला पहारेकरी बराच वेळ वही बघत होता. “खांब सोडून भोकं कशाला काढताय?” असं म्हणाला, आणि उत्तराची वाट न बघता दोन पावलं बाजूला सरकून, मान वाकडी करून स्वतःच बघायला लागला. जाताना, “हां, दिसतात की,” एवढंच.

खाली उतरताना मीठ-मसाला लावलेला पेरू. “पोरी, पिकलेला नको घेऊ, बोटीत पिशवीत लगदा होईल,” असं स्वतःच्याच मालाविरुद्ध सांगणारी मावशी विरळाच. जेवण पायथ्याच्या खानावळीत, तळलेला बांगडा आणि भात. परतीची शेवटची लाँच साडेपाचच्या आसपास, पण ढग दाटले तर तिच्यावर अवलंबून राहू नये. आमच्या वेळी चारलाच पश्चिमेकडून काळं येऊ लागलं आणि खलाशांनी हाका मारून माणसं गोळा केली.

गुरुवार : कान्हेरी, आणि वाटेत मंडपेश्वर

बोरिवली स्टेशन, राष्ट्रीय उद्यानाचं फाटक, आतून लेण्यांपर्यंत बस. अंतर सहा-सात किलोमीटर, उद्यानाचं आणि लेण्यांचं तिकीट वेगळं. सकाळी लवकर जावं.

पाऊस धो धो होता आणि तोच या दिवसाचा फायदा ठरला. कान्हेरी कोरड्या दिवसांत बघणं म्हणजे तबला न वाजता बघणं. शंभरावर लेण्यांच्या या डोंगरावर छतांवरून, पायऱ्यांच्या कडेने, ओसरीच्या काठाने बोटभर ते वीतभर रुंद पन्हळी कोरल्या आहेत. त्या पाणी गोळा करून लेण्यांच्या दाराशी खोदलेल्या पोढींत, म्हणजे टाक्यांत, सोडतात. पावसात या सगळ्या रेषा एकदम जिवंत होतात. कातळ गडद, पन्हळ चमकती, डोंगरभर एक मोठं रेखाचित्र. एकही रेषा सजावटीची नाही. उताराला धरून, वाटेतला कठीण दगड टाळून, पोढीकडे. रेषा कुठे वळते याला कारण आहे, म्हणून ती डोळ्याला खोटी वाटत नाही.

याचा सराव : एका लेण्यापुढे उभं राहून पाणी जसं वाहतं त्याच दिशेने आणि त्याच क्रमाने रेषा ओढायची, पेन्सिल न उचलता. पावसात कागद भिजतो, म्हणून मेणखडूने काढावं आणि नंतर ओसरीत बसून वरून पातळ रंग फिरवावा. मेणावर रंग बसत नाही, पन्हळी पांढऱ्या राहतात.

चैत्यगृह (स्तूप असलेलं प्रार्थनागृह), म्हणजे ३ क्रमांकाचं लेणं, सातवाहन राजा यज्ञश्री सातकर्णीच्या काळातलं, दुसऱ्या शतकातलं. ओसरीच्या दोन्ही टोकांना सुमारे सात मीटर उंच बुद्ध आहेत, ते नंतरच्या काळातले. आतले काही खांब घट, प्राण्यांची शीर्षं वगैरेंसह पूर्ण आहेत आणि काही नुसते अष्टकोनी, साधे सोडलेले. एकाच रांगेत पूर्ण आणि अपूर्ण शेजारी-शेजारी असल्याने डोळा पूर्ण खांबावरून साध्याकडे येतो आणि तिथे विसावतो. चित्रात सगळीकडे सारखं काम केल्याने जे बिघडतं ते इथे उलट्या बाजूने कळतं.

३४ क्रमांकाच्या लेण्यात छतावर बुद्धाच्या अर्धवट राहिलेल्या चित्राच्या खुणा आहेत. विजेरी थेट वर न मारता भिंतीवर मारावी, परावर्तित उजेडात रेषा जास्त दिसते. पायवाटेवर शेवाळ असतं, रबरी तळाचे बूट हवेत. उतरताना आदिवासी बायकांकडे काकडी आणि उकडलेल्या शेंगा. काकडी माकडासमोर खाऊ नये, यापुढे काही सांगायची गरज पडणार नाही.

दुपारी बोरिवलीच्या पश्चिमेला मंडपेश्वर. शैव लेणं, पुढे पोर्तुगीजांनी त्याचं चर्च केलं, आणि आतल्या एका भिंतीवर कोरलेला मोठा क्रूस आजही आहे. एक खूण पुसून तिच्यावर दुसरी, आणि पहिलीही पुरती न गेलेली. थरांचं चित्र करणाऱ्याने ही भिंत तिरप्या उजेडात, चारनंतर बघावी. अर्धा तास पुरतो.

शुक्रवार : रंग, आणि राणीबागेतला हत्ती

सकाळ खरेदीची. अजिंठ्याच्या भिंतींवर गेरू, पिवडी (पिवळी माती), काजळ, पांढरा, हिरवी माती आणि बाहेरून आणलेला निळा लाजवर्द एवढ्यांत सगळं भागलं. त्यातली हिरवी माती दख्खनच्या बेसॉल्टच्या पोकळ्यांतच मिळते. गेरू-पिवडी क्रॉफर्ड मार्केटच्या आसपास किलोवर मिळते, पण चित्राला तशीच वापरू नये, तीत वाळू असते. निवळून घ्यावी : बादलीत मातीच्या दहापट पाणी, ढवळायचं, एक मिनिट थांबायचं, वरचं गढूळ पाणी दुसऱ्या भांड्यात. तळाची वाळू फेकायची. दुसऱ्या भांड्यात रात्रभर जे बसतं तो रंग, तो मलमलीतून गाळून वाळवायचा.

बांधणीला डिंक. एक भाग डिंक, दोन भाग गरम पाणी, रात्रभर भिजवून गाळायचं, बुरशी येऊ नये म्हणून लवंगतेलाचे दोन-तीन थेंब. कागदावर पट्टी मारून वाळल्यावर कोरडं बोट फिरवायचं. रंग बोटाला लागला तर डिंक कमी, पट्टी चकाकली किंवा तडकली तर जास्त. काजळ पाण्यावर तरंगतं, मिसळतच नाही, त्याला आधी स्पिरिटच्या थेंबाने भिजवावं.

कातळाच्या पोताला अ‍ॅक्रिलिक बाइंडर एक भाग आणि संगमरवराची बारीक पूड दोन भाग, ताणलेल्या कॅनव्हासवर न देता प्लायवर. कॅनव्हास दमट हवेत सैल पडतो आणि पोत तडकतो. थर दोन मिलिमीटरच्या वर नको. जाड दिला की वरची साय आधी वाळते, आतलं नंतर आकसतं, आणि भेगा पडतात. अशा हवेत एका थराला दोन दिवस द्यावे लागतात, पंखा थेट लावून घाई करू नये. आणि मुख्य म्हणजे थर अर्धा ओला असताना सुरीने काढायला सुरुवात करायची. दिलेल्यातला निम्मा निघाला पाहिजे.

दुपारी भायखळा. डॉ. भाऊ दाजी लाड संग्रहालय उघडं आहे का ते आधी विचारून जावं. बंद असलं तरी हत्ती बाहेर बागेतच आहे. ज्याच्यावरून पोर्तुगीजांनी घारापुरीला ‘एलिफंटा’ नाव दिलं तोच हा दगडी हत्ती. विलायतेला न्यायच्या खटपटीत तो कोसळला, १८६४ मध्ये त्याचे तुकडे इथे आले आणि १९१४ मध्ये जोडून उभा केला. जोड लपवलेले नाहीत, पोटाखाली वाकून बघितलं की दिसतात. रखवालदाराने सांगितलं, पोरं पाठीवर बसायला बघतात म्हणून लक्ष ठेवावं लागतं. बुधवारच्या वहीतल्या पोकळ्यांच्या पानाशेजारी त्या जोडांच्या रेषा उतरवल्या, तेवढ्यात थेंब आले. पान मेणखडूने काढलं होतं, म्हणून वाचलं.